डोंगरात पुढे चालणाऱ्याचे शिक्षण

पावसाळा सुरू झाला की सुटीच्या आदल्या रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये पाठीवर सॅक अडकवलेल्या तरुण मंडळींची गर्दी उसळते. कुणी हरिश्चंद्रगडाला निघालेले असते, कुणी कळसूबाईला. प्रत्येक तुकडीत एकजण पुढे चालणारा असतो. आपण त्याला लीडर म्हणतो. तो बहुधा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो, आणि त्याच्या मागून चालणाऱ्या वीस-तीस जणांच्या आईवडिलांनी त्याला कधी पाहिलेलेही नसते. हा मुलगा, किंवा ही मुलगी, पुढे चालायला लायक कशी ठरते? त्यासाठी कुठे शिकावे, कोणता अभ्यासक्रम घ्यावा आणि त्याचा खर्च कसा भागवावा, असे कॉलेजातली मुले मला नेहमी विचारतात. त्याचाच आज थोडा विचार करू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वतःला डोंगर चढता येणे आणि चार माणसांना डोंगरावर नेऊन सुखरूप परत आणणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. पोहणारा प्रत्येकजण बुडत्याला काढू शकतो असे नाही, तसेच हे आहे. अभ्यासक्रम निवडताना तो यातली कोणती विद्या शिकवतो, हे प्रथम विचारावे.

आपल्या देशात या शिक्षणाची परंपरा चांगली आहे. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि पुढल्याच वर्षी, ४ नोव्हेंबर १९५४ रोजी, दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनसिंग नोर्गे हेच तिथले क्षेत्रशिक्षणाचे पहिले प्रमुख. १९६१ साली मनालीची संस्था आली, १९६५ साली उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग. काश्मीरमध्ये पहलगामलाही अशी संस्था आहे. या सरकारी आधारावर चालणाऱ्या संस्था आहेत. म्हणून त्यांची फी खाजगी सहलवाल्यांच्या मानाने माफक असते आणि जेवणखाण, राहणे, दोर, बूट, आइस-अॅक्स हे सारे बहुधा त्या फीतच येते.

तिथली शिडी अशी. पहिली पायरी बेसिक कोर्स, साधारण चार आठवड्यांचा. खडकावरची चढाई, बर्फावर चालणे, घसरताना स्वतःला अडवणे, दोराच्या गाठी, तंबूतले जीवन, हे सारे त्यात येते. शेवटी श्रेणी मिळते. ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अॅडव्हान्स कोर्सचे दार उघडते. तिथेही ‘ए’ मिळाली तर पुढे मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे दुसऱ्याला शिकवायचे कसे याचा कोर्स, आणि शोध व बचाव यांचा कोर्स. आता नीट पाहा बरं का! दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला शिकवणारी पायरी तिसरी आहे. पुष्कळ मुले पहिली पायरी चढून प्रमाणपत्र भिंतीला लावतात आणि पुढच्याच रविवारी चाळीस जणांची तुकडी घेऊन निघतात. बेसिक कोर्सने त्यांना चांगला विद्यार्थी केलेले असते. म्होरक्या करण्याचा त्या कोर्सचा दावाही नसतो.

दुसरे असे की हिमालयाची शाळा हिमालयाचे धडे देते. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटरांचे. इथे विरळ हवा नाही, हिमनदी नाही. इथले शत्रू वेगळे. मे महिन्यातल्या उघड्या कातळावरचे ऊन, संपलेले पाणी, सुट्या दगडांची घसाऱ्याची वाट, धुक्यात हरवलेली सोंड, आणि तासाभराच्या पावसाने कमरेइतका चढलेला ओढा. कड्याला लटकलेले आग्या मोहोळ उठले तर करायचे काय, हे बर्फावर कोण शिकवणार? ते सह्याद्रीतच, जाणत्या माणसाच्या मागून पाच-सात वर्षे हिंडून शिकावे लागते. गावातला वाटाड्या हा यातला मोठा गुरू. ‘आज नाळेतून जाऊ नका’ असे त्याने म्हटले तर त्याच्यापुढे प्रमाणपत्र नाचवू नये.

या बाबतीत ब्रिटनची पद्धत विचार करण्यासारखी आहे. तिथे डोंगरातल्या तुकडीप्रमुखासाठी १९६४ सालापासून स्वतंत्र पात्रता आहे. प्रशिक्षणाला बसण्यापूर्वीच उमेदवाराने निदान वीस दिवस डोंगरात घालवून त्यांची नोंदवही ठेवलेली असावी लागते. मग सहा दिवसांचे प्रशिक्षण. त्यानंतर घाई नाही. मनाजोगा सराव करायचा. परीक्षेच्या वेळी वहीत निदान चाळीस दिवस हवेत आणि प्रथमोपचाराचा दाखला हवा. परीक्षा पाच दिवसांची, प्रत्यक्ष डोंगरात, रात्री नकाशा व होकायंत्र घेऊन वाट काढण्यासह. हिवाळ्यातल्या डोंगरासाठी तर वेगळीच पात्रता आहे. १९७१ साली नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून पाच शाळकरी मुले आणि एक शिकाऊ सहायिका मरण पावली. तेव्हापासून तुकडीप्रमुखाची पात्रता हा तिथे केवळ कागदाचा प्रश्न राहिला नाही.

आपल्याकडे ही नोंदवही कुणी मागत नाही. पण ती ठेवायला कोण अडवतो? दोनशे पानी वही घ्या. तारीख, गड, वाट, हवामान, माणसे किती, वेळ किती लागला, काय चुकले, ते लिहा. वहीत चाळीस दिवस भरल्याशिवाय पैसा खर्च करून कोर्सला जाऊ नका. आधी हिंडलेला विद्यार्थी तिथून दुप्पट घेऊन येतो.

आता पैशाचा हिशेब. मुले फक्त फी विचारतात. कागदावर चार रकाने पाडा. पहिला फीचा. दुसरा प्रवासाचा: दार्जिलिंगसाठी न्यू जलपाईगुडी, उत्तरकाशीसाठी डेहराडून किंवा ऋषिकेश, आणि तिथून पुढे डोंगरातली गाडी. तिसरा कपडे, वैद्यकीय तपासणी आणि विमा यांचा. चौथा रकाना लोक विसरतात, तो बुडालेल्या पगाराचा. नोकरी करणाऱ्याला महिनाभराची रजा बिनपगारी मिळाली, तर हाच रकाना सर्वांत जड भरतो. शिवाय ‘ए’ श्रेणी हुकली तर पुढे जाण्यासाठी बेसिक पुन्हा करणे आले, म्हणजे हे चारही रकाने पुन्हा. म्हणून जाण्यापूर्वी तीन-चार महिने पाठीवर ओझे घेऊन चढण्याचा सराव करणे, यातच खरी बचत आहे.

या पहिल्या पायरीसाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रविवारच्या लीडरला मिळणारे मानधन बहुधा थोडे असते. त्यावर हप्ते फिटत नाहीत. आणि हप्त्याचे ओझे असलेला लीडर आभाळ भरून आले असता ‘आज सहल रद्द’ म्हणायला कचरतो. हा धोका मला पैशाच्या धोक्याहून मोठा वाटतो. त्यापेक्षा दुसरे मार्ग पाहावेत. एन.सी.सी.चे छात्र त्या संघटनेमार्फत या कोर्सांना जाऊ शकतात. गिर्यारोहण मंडळांनी दरवर्षी वर्गणीतून एका होतकरू मुलाचा किंवा मुलीचा खर्च उचलावा आणि त्या बदल्यात दोन वर्षे मंडळाच्या तुकड्या नेण्याचे वचन घ्यावे. आणि जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज पुष्कळ आधी करावा. रद्द केल्यास पैसे किती परत मिळतात, हेही वाचून ठेवावे.

हिमालयाच्या कोर्सचा खर्च आज झेपत नसेल तर निराश होऊ नका. थोडकेच पैसे असतील तर ते आधी प्रथमोपचारावर घाला. शहरातला प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतचा असतो. डोंगरात मदत पोचायला पाच-सहा तासही लागतात. म्हणून रानातल्या प्रथमोपचाराचे जे दोन दिवसांपासून आठ-दहा दिवसांपर्यंतचे वर्ग असतात, ते बघावेत. त्यानंतर नकाशावाचन. दोराचे कौतुक त्यानंतर.

आईवडिलांनाही एक सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, त्यानुसार आयोजकाने नोंदणी करायची असते. ती आहे का, हे विचारा. लीडर कोण, तो काय शिकला, त्याच वाटेने त्या ऋतूत तो पूर्वी गेला आहे का, हेही विचारा. विचारण्यात संकोच नको आणि सांगणाऱ्यानेही राग मानू नये.

प्रमाणपत्राने डोंगर मवाळ होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर नेहरू इन्स्टिट्यूटच्या अॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमप्रपातात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण दगावले. त्यांत नामांकित प्रशिक्षकही होते. शिक्षण घेतल्याने धोका संपत नाही. तो वेळेवर ओळखण्याची शक्यता वाढते, एवढेच. तेवढ्यासाठी महिनाभराचा वेळ आणि गाठीचा पैसा घालायची तयारी असेल, तर या पावसाळ्यात वही सुरू करा. फीचे पुढल्या वर्षी बघू.