जुन्या मराठी सॉफ्टवेअरचे कुलूप : तंत्र, कायदा व जतन

प्रस्तावना : गांधीबाग ही नागपुरातील कापडाची घाऊक बाजारपेठ होय. अशा पेठांतील पावत्या असोत वा महाविद्यालयांचे वार्षिकांक, मराठी अक्षरजुळणी संगणकावर आली तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारखी सॉफ्टवेअर महाराष्ट्रात रूढ झाली. असा जुना संगणक दुसऱ्याच्या हाती गेल्यास उद्भवणाऱ्या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कुलपाचे स्वरूप : नक्कल रोखण्यासाठी अशा सॉफ्टवेअरसोबत डोंगल, म्हणजे हार्डवेअर लॉक, दिले जाई. पॅरलल पोर्टला जोडावयाचे डोंगल नसेल तर सॉफ्टवेअर चालत नसे. आजच्या बहुतेक संगणकांना ते पोर्टच नसते. शिवाय हा मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने मूळ फॉन्टवाचून निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणजेच लॉक हरवले की दस्तऐवजही मुका होण्याचा धोका असतो.

कायद्याची भूमिका : प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम ५२ सॉफ्टवेअरच्या कायदेशीर धारकास नुकसानीपासून संरक्षणार्थ राखीव प्रत करण्याची मुभा देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार प्रताधिकारभंगाच्या हेतूने कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मात्र अधिनियमाने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनास ते आड येत नाही. म्हणजे येथे हेतू निर्णायक ठरतो.

निष्कर्ष : जुना संगणक घेताना लॉक, मूळ सीडी व परवानापत्र सोबत घ्यावे, परवाना हस्तांतरणीय आहे काय हे तपासावे आणि लॉक चालू आहे तोवरच मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.