स्वरयंत्र गेले, वाणी राहिली

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच मला याच शाळेत वर्णांची स्थाने शिकविली: कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. पुढे तीच मी येथे 31 वर्षे शिकविली. तंबाखूचे व्यसन मात्र मला सोडता आले नाही. कर्करोगामुळे माझे स्वरयंत्र काढावे लागले. आज मी मानेवरील छिद्र बोटाने झाकून आपल्याशी बोलत आहे. हे कसे साधते, एवढेच सांगावयाचे आहे.

स्वरयंत्र केवळ नाद निर्माण करते. त्याला अक्षराचे रूप देतात जीभ, ओठ, दात आणि टाळू. शस्त्रक्रियेनंतर हे अवयव सहसा शाबूत राहतात. पण श्वासनलिका मानेवर उघडल्यामुळे उच्छ्वास मुखापर्यंत पोहोचत नाही. हरपतो तो नाद आणि त्यास लागणारा वायू.

1873 साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र प्रथमच काढले, तेव्हा त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र बनविले. वाणीची चिंता शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे.

आज मार्ग तीन. पहिला, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर सोडीत बोलणे. यास दीर्घ सराव लागतो. दुसरा, गळ्यावर विजेचे कंपनयंत्र टेकविणे. बोलणे लवकर जमते, परंतु आवाज एकसुरी येतो. तिसरा, सिंगर व ब्लोम यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेला: श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील पडद्यात सिलिकॉनची एकेरी झडप बसवितात. छिद्र झाकताच उच्छ्वास झडपेतून अन्ननलिकेत जातो, घशाच्या भिंती कंप पावतात आणि नाद उमटतो. अन्नपाणी मात्र उलट श्वासनलिकेत शिरत नाही. ही झडप काही महिन्यांनी बदलावी लागते, म्हणून किंमत महत्त्वाची. बंगळुरूचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी 2015 च्या सुमारास केवळ 50 रुपयांच्या आसपास पडेल अशी झडप पुढे आणली, ती याच विचाराने.

विद्यार्थी मित्रांनो, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घरातील वडीलधाऱ्यांना तपासणीस न्या. मी उशीर केला.

एक उणीव उरतेच. 'ह' हा वर्ण स्वरयंत्रातच घडतो. तो मला नीट उच्चारता येत नाही. या शाळेत हजारो वेळा हजेरी घेतली. आज माझी हजेरी द्यावयाची तर तोंडून 'अजर' असेच निघते. आपण ते 'हजर' असे ऐकून घ्यावे. गेलेल्या वाणीचा अर्धा भाग वैद्यकाने परत दिला. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या धीराने परत मिळतो.