मज्जेतील महाकाय पेशी आणि ल्युकेमिया

कंबरेच्या हाडातून सुईने काढलेल्या मज्जेचा थर काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली आला, की जाणता विकृतिशास्त्रज्ञ प्रथम कमी शक्तीचे भिंगच लावतो. कारण ज्या पेशीचा त्याला आधी ठाव घ्यायचा असतो ती मेगाकॅरिओसाइट, मज्जेतील हजार पेशींमागे एखादीसुद्धा मुश्किलीने आढळत असली, तरी देहाने एवढी प्रचंड असते, की तिला नजरेआड होणे शक्यच नसते. जखमेच्या तोंडाशी गोळा होऊन रक्तस्राव थोपविणाऱ्या प्लेटलेट्स या पेशीपासूनच निपजतात, हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली प्रतिपादिले.

तिचा जीवनक्रम विलक्षण आहे. इतर पेशी गुणसूत्रे दुप्पट झाली, की दुभंगतात. ही मात्र ती पुनःपुन्हा दुप्पट करीत जाते आणि दर वेळी विभाजन अर्ध्यावर सोडून देते, त्यामुळे तिच्या पुष्कळ पाळ्यांच्या केंद्रकात सामान्य पेशीच्या आठपट, क्वचित बत्तीसपट गुणसूत्रे साठतात. पुढे तिचे लांबट तंतू मज्जेतील रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांचे तुकडे होऊन हजारो प्लेटलेट्स प्रवाहात सुटतात. त्यांची मुदत आठ-दहा दिवसांची. म्हणून प्रौढ माणसाला रोज सुमारे शंभर अब्ज नव्या लागतात.

तीव्र ल्युकेमियात अपक्व पेशींनी मज्जा व्यापली, की हे उत्पादन खालावते. दर मायक्रोलिटर रक्तामागे प्लेटलेट्सचा दीड ते साडेचार लाखांचा नेहमीचा आकडा दहा हजारांखाली गेला, तर रक्तस्राव दिसत नसतानाही सहसा प्लेटलेट्स चढवितात. परंतु केवळ जागा बळकावली गेली म्हणून हे घडते, ही लोकप्रिय उपपत्ती मला अपुरी वाटते. पुष्कळदा ही पेशी स्वतःच बिघडलेली असते: कोठे ती खुजी राहते, कोठे तिच्या केंद्रकाच्या पाळ्या एकमेकींपासून तुटून सुट्या गोळ्यांसारख्या विखुरतात.

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाची कैफियत तर याहून चमत्कारिक. फिलाडेल्फिया गुणसूत्र नावाचा, १९६० साली उजेडात आलेला दोष त्यात मूळपेशीतच असल्याने तो वारसाहक्काने मेगाकॅरिओसाइटकडेही येतो. ती ठेंगणी होते, केंद्रकाला पाळ्या अगदी थोड्या राहतात, आणि तरीही प्लेटलेट्सची संख्या घटण्याऐवजी अनेकदा वाढलेली आढळते. तेव्हा रक्ततपासणीच्या कागदावरील भरघोस आकडा हा मज्जेच्या आरोग्याचा दाखला खासच नव्हे.

क्वचित मेगाकॅरिओसाइटची वंशावळ स्वतःच कर्करोगाचे मूळ ठरते. तिच्या अपक्व पेशी बेसुमार वाढतात, आणि त्यांच्या स्रावांनी मज्जेत तंतूंचे असे जाळे माजते, की सुई अचूक बसूनही पिचकारी कोरडीच येते व हाडाचा बारीक तुकडाच काढावा लागतो. डाउन सिंड्रोम असलेल्या लहानग्यांत हा प्रकार इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. त्यांच्यात एकविसावे गुणसूत्र मुळातच जादा असते. त्यात भर म्हणून काहींच्या बाबतीत या वंशावळीच्या वाढीवर हुकमत चालविणाऱ्या गाटा-१ या जनुकात जन्मापूर्वीच बिघाड होतो. अशा काही नवजात अर्भकांच्या रक्तात या अपक्व पेशींचा सुळसुळाट होतो व बहुतेकांत तो काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप ओसरतो. तथापि त्यांतील काहींना पुढे चार वर्षांच्या आत खरा ल्युकेमिया जडतो, म्हणून त्या मुलांची रक्ततपासणी चालू ठेवावी लागते. सुदैवाने त्यांच्या रोगपेशी सायटॅराबिन या औषधाला सहज बळी पडतात, आणि इतर मुलांच्या मानाने सौम्य उपचारांनीही त्यांतील बहुतेक मुले बरी होतात.