वैमानिकाचे वय आणि परक्या देशाचे आकाश

व्यापारी विमानांच्या वैमानिकांची कमाल वयोमर्यादा ६५ वरून ६७ वर न्यावी, हा विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या जागतिक संघटनेचा प्रस्ताव ‘आयकाओ’च्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, २०२५ मधील माँट्रियल महासभेत संमत झाला नाही, त्यामुळे एखाद्या देशाने स्वतःच्या हद्दीत कितीही सवलत दिली, तरी सीमेपलीकडील व्यापारी उड्डाणांसाठी ६५ हाच आकडा कायम राहिला. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण अधिकार दिला असल्याने, वैमानिकाने कोठवर उडावे हे त्याच्या मायदेशापेक्षा वाटेतील देशच ठरवतात.

याचा सर्वांत बोलका दाखला ऑस्ट्रेलियातील आहे. ‘क्वांटास’चे बोइंग ७४७ चालवणारे कॅप्टन जॉन ख्रिस्ती यांना सप्टेंबर १९९४ मध्ये साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या कौशल्याबद्दल वा प्रकृतीबद्दल वाद नव्हता. परंतु साठी ओलांडलेल्या कॅप्टनला बहुतेक देश आपल्या हवाई हद्दीत येऊ देत नसल्याने त्यांच्यासाठी न्यूझीलंड, फिजी आणि बालीतील देनपसार एवढीच ठिकाणे उरली. या मोजक्या जवळच्या फेऱ्या एकालाच दिल्यास, वैमानिकांच्या पसंतीनुसार कामाच्या पाळ्या लावणारे ड्युटी रोस्टर कोलमडेल, असे सांगत कंपनीने त्यांची नोकरी संपवली; त्यावरील दाव्यात १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

पुढे २००६ मध्ये, जोडीचा वैमानिक साठीच्या आतील असावा या अटीवर, ‘आयकाओ’ची मर्यादा साठवरून ६५ झाली आणि २०१४ मध्ये ती अटही गेली. म्हणजे ज्या नियमाने ख्रिस्तींची नोकरी गेली, तो नियम निकालानंतर आठ वर्षांतच मोडीत निघाला. उड्डाणादरम्यान वैमानिक अचानक असमर्थ होण्याचा धोका वयानुसार वाढतो, हे नाकारता येणार नाही. तथापि साठीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते, कॉकपिटमध्ये दुसरा वैमानिक असतो, आणि ‘आयाटा’च्या प्रस्तावातही दोघांपैकी एक पासष्टीच्या आतील असावा अशी अट होती. असे असताना केवळ जन्मतारखेवर विसंबणे ही शास्त्रीय दक्षता नसून प्रशासकीय सोय आहे. महासभा दर तीन वर्षांनी भरते. पुढील बैठकीपूर्वी सदस्य राष्ट्रांनी या सहामाही तपासण्यांचे निष्कर्ष, नावे वगळून, एकत्रितपणे प्रसिद्ध करावेत आणि मर्यादा ६५ असो वा ६७, ती त्याच आधारावर ठरवावी.