रॅटून, पिलबाग आणि फरदड

रावेरच्या केळीबाजारात नवती आणि पिलबाग यांचे भाव वेगळे निघतात. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल. पिलबाग म्हणजे पहिला घड उतरल्यावर त्याच कंदाच्या पिलावर घेतलेला. शेतीच्या इंग्रजी पुस्तकात या दुसऱ्या प्रकारासाठी एक क्रियापद भेटते : रॅटून.

केळीचे खोड खरे खोड नव्हेच, ती पानांच्या बुडख्यांची घट्ट गुंडाळी. खरे खोड जमिनीतला कंद. एका झाडाला घड एकदाच, पण कंदाच्या डोळ्यांतून पिले फुटत राहतात. निसवणीपर्यंत, म्हणजे घड बाहेर पडेपर्यंत, ती कापत राहावी लागतात, नाहीतर खत तीच खातात. मग एकच जोमदार पील राखायचे, तेही अरुंद, तलवारीसारख्या पानांचे. रुंद पानांचे दिसायला बाळसेदार, पण कंदाशी त्याचा सांधा कच्चा. घड उतरला तरी जुने खोड काही दिवस उभे ठेवतात, त्यातला रस पिलाला मिळतो. रोपांचा आणि नांगरटीचा खर्च वाचतो, पीकही लवकर येते. मात्र पिले मागेपुढे वाढतात, कापणी लांबते आणि जुन्या बागेतले सूत्रकृमी वारशाने मिळतात. भावही सहसा नवतीपेक्षा कमीच.

हेच क्रियापद उसालाही लागते. इंग्रजीत ऊस स्वतःही रॅटून होतो आणि शेतकरीही ऊस रॅटून करतो. क्रियापद तेच. मराठीत पीक फुटते आणि शेतकरी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पीक, ठेवतो. मला आपली वाटणी जास्त चोख वाटते : फुटणे कंदाच्या हाती, राखणे माणसाच्या.

शब्दाचे मूळ मात्र ना उसात, ना केळीत. स्पॅनिशमध्ये ‘ओतोन्यो’ म्हणजे शरद. उन्हाळ्यात करपलेले गवत शरदाच्या पावसाने पुन्हा हिरवे होते, त्यावरून ‘रेतोन्यार’ म्हणजे नव्याने फुटणे आणि ‘रेतोन्यो’ म्हणजे कोंब. कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांत इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि जिभेला वळेल तसा वळवला. त्या मळ्यांत नव्या लागणीचे खड्डे गुलामांकडून खणून घेत, आणि ते काम जीवघेणे होते. खोडव्याला खड्डे लागत नसत.

आपल्याकडे पीक बदलले की नावही बदलते. उसाचा खोडवा, त्याच्या पुढचा निडवा, केळीची पिलबाग, कपाशीची फरदड. इंग्रजीत हे सगळे रॅटूनच. यातल्या फरदडीला मात्र कृषी खाते दरवर्षी नको म्हणते, कारण पाणी देऊन हंगामानंतर उभी ठेवलेली कपाशी गुलाबी बोंडअळीला आयते खाद्य पुरवते.