काउलूनचा राजा

हाँगकाँगला गेलात तर त्सिम शा त्सुईच्या स्टार फेरी धक्क्यावर एक सिमेंटचा खांब नक्की बघा. पारदर्शक आवरणाखाली त्यावर काळ्या शाईत चिनी अक्षरं आहेत: वेडीवाकडी, कुठे मोठी, कुठे दाटीवाटीने कोंबलेली. ही त्सांग त्सू-चोई या आजोबांची करामत.

जन्म 1921चा, चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या गरीब घरातला. शिक्षण जेमतेम. हाँगकाँगमधल्या काउलून भागाची जमीन आपल्या पूर्वजांची होती आणि ब्रिटिशांनी ती बळकावली, असं या गृहस्थांनी मनाशी पक्कं धरलं. मग 1950च्या दशकापासून दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या, पुलांखालच्या भिंती, दिसेल तिथे कुंचल्याने लिखाण सुरू! मजकूर काय, तर घराण्याची वंशावळ, स्वतःची 'काउलूनचा राजा' ही पदवी आणि इंग्लंडच्या राणीला शिव्या. पुढे पाय अधू झाले तरी कुबड्या घेऊन काम चालूच. सरकारी माणसं रंग फासून जायची, आजोबा पुन्हा हजर. आपल्या म्हैसूरची मतदानाची शाई बोटावर काही आठवडे तरी टिकते. यांच्या शाईच्या नशिबी बहुतेकदा तेवढंही नव्हतं.

सुलेखनाच्या कसोटीवर हे अक्षर सुंदर नाही, असं जाणकार म्हणतात. मला मात्र त्यातला हट्ट भारी वाटतो. 2003 साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांचं काम मांडलं गेलं. 2007मध्ये ते गेले.

2022 साली माँग कॉकमधल्या बाउंड्री स्ट्रीटजवळच्या रेल्वेपुलाखाली जुना रंग सोलला गेला आणि खालून त्यांची अक्षरं पुन्हा बाहेर आली. फोटो नेटवर आहेत, जरूर शोधा.