पोलीस कारवाईनंतरचे हैदराबाद

यादवी शमल्यावर उद्ध्वस्त मुलखाची घडी कशी बसवावी, हा जो प्रश्न आज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला देशोदेशी पडतो, तो आपल्या हैदराबादेत १९४८ साली उभा राहिला होता. भारतीय सैन्याची पोलीस कारवाई चालू असतानाच, संस्थानाचे अधिपती निजाम यांच्या सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेलेली फिर्याद १६ सप्टेंबरला चर्चेस आली. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली आणि त्यानंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी लष्करी प्रशासक झाले.

निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा बीमोड झाला खरा. परंतु त्यांच्या अत्याचारांचा सूड उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतील निरपराध मुसलमान रयतेवर उगवला गेला, आणि त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली.

अशांततेचे मूळ जमिनीत होते, हे ओळखून १९४९ मध्ये जहागिरी खालसा करण्यात आल्या व १९५० च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. तेलंगणातील कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा मात्र चालूच असता, शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनानंतर पदयात्रेस निघालेले विनोबा भावे १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस पोहोचले. तेथील हरिजनांनी ८० एकर जमीन मागताच जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ जन्मास आली. ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी लढा मागे घेतला. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, आणि हैदराबाद राज्याचा कारभार प्रथमच लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या हाती आला.

#हैदराबाद #भूदान #इतिहास